सेकंडहँड गाडी घेतली, एकोणिसाव्या दिवशी इंजिन सीज: डीलर आणि गॅरेज दोघांचा रिव्ह्यू

गाडी २९ मार्चला घेतली आणि १७ एप्रिलला खंबाटकी घाटात इंजिन सीज झालं, म्हणजे आतून जाम होऊन बसलं. मध्ये फक्त एकोणीस दिवस आणि सातशे किलोमीटर. आता गाडी परत चालतेय म्हणून डोकं शांत ठेवून लिहू शकतेय, तेव्हा लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या. हा रिव्ह्यू दोघांचा आहे, ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या पुण्यातल्या सेकंडहँड डीलरचा, आणि ज्यांनी ती परत उभी केली त्या साताऱ्यातल्या एमआयडीसीतल्या गॅरेजचा. डीलरचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय, आणि गॅरेजवाल्या काकांचंही नाही लिहीत कारण त्यांचा रिपोर्ट त्याच प्रकरणात लावलाय.

गाडी म्हणजे १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, एमएच-१२ पासिंग, फर्स्ट ओनर, मीटरवर ६१,४०० किमी. ठरली ३,४०,००० ला, आरसी ट्रान्स्फर धरून. मी एका पतसंस्थेत कामाला आहे, सहा वर्षं साठवलेले दोन लाख आणि वरचं कर्ज, असं करून घेतलेली ही घरातली पहिली चारचाकी. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं महाबळेश्वर-पाचगणी घाटात गाडी चालवली पण स्वतःची गाडी कधी झाली नाही, त्यामुळं ही गाडी माझ्यासाठी काय होती हे वेगळं सांगायला नको.

डीलरकडं गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले. दुकान मोठं, चाळीसेक गाड्या ओळीनं लावलेल्या, सगळ्या पॉलिश मारून चकाचक, आत एसी, चहा, गणपतीला ताजा हार. सेल्सचा मुलगा बोलायला गोड होता पण मी इंजिनाचं काही विचारलं की उत्तर आबांकडं बघून द्यायचा, आणि एकदा तर म्हणाला मॅडम मिस्टरांना एकदा दाखवून घ्या. पैसे मी भरतेय, चालवणार मी, तर उत्तरही मलाच द्यायला पाहिजे होतं, हे तेव्हाच तोंडावर सांगितलं मी.

एक गोष्ट त्या दिवशी घडली जी मला नंतर शंभर वेळा आठवली. आबांनी गाडीला हात लावायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवला. बॉनेट गरम होतं. गाडी आतल्या सावलीतली, ऊन लागायचा प्रश्नच नाही. आबा म्हणाले, "ही आत्ता चालू करून ठेवली होती काय?" तो म्हणाला हो काका, आत्ताच वॉशिंगवरून आणली. आबा गप्प बसले. घरी येताना एवढंच म्हणाले की थंड इंजिन एकदा बघायला पायजे होतं. गरम इंजिन पटकन सुरू होतं, आवाज दबलेला असतो, आणि मेन म्हणजे गरम असताना रेडिएटरची कॅप उघडता येत नाही, वाफ अंगावर येते, त्यामुळं आत पाणी आहे का कूलंट (इंजिन थंड ठेवायचं रंगीत पाणी) आहे का गाळ आहे हे कुणी बघूच शकत नाही. आम्ही फक्त बाजूची बॉटल बघितली, त्यात हिरवं कूलंट मॅक्सच्या रेघेपर्यंत भरलेलं.

डीलरचं जे चांगलं ते पण सांगते. कागदपत्रांचं काम चोख केलं. फॉर्म २९, ३० वर सह्या, जुन्या कर्जाची एनओसी, इन्शुरन्स नावावर, चोवीस दिवसांत आरसी माझ्या नावाची झाली. त्यात काही बोलायला जागा नाही. आणि वॉरंटीची पुस्तिका दिली, इंजिन आणि गिअरबॉक्सला ६ महिने किंवा ७,५०० किमी, वर सोनेरी अक्षरात. आतलं चौथं पान मी तेव्हा वाचलं नाही. त्यात लिहिलेलं की ओव्हरहीटिंगमुळं झालेलं नुकसान, गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील), होज पाइप, रेडिएटर यातलं काहीच वॉरंटीत येत नाही. आता विचार करा, चालत्या गाडीचं इंजिन अचानक जातं ते बहुतेक दोनच कारणांनी, पाणी संपून नाहीतर ऑइल संपून, आणि त्यातलं पाण्याचं त्यांनी आधीच बाहेर काढलेलं. मग उरलं काय त्या वॉरंटीत?

साधारण आठवड्यानं, ६ एप्रिलला, बॉटल बघितली तर कूलंट मिनच्या रेघेला आलेलं. अर्धा लिटर घातलं आणि दुसऱ्या दिवशी डीलरला व्हॉट्सअॅपवर फोटोसकट विचारलं की पाणी कमी का होतंय. उत्तर आलं, "मॅडम उन्हाळा आहे, थोडं उडतं, टेन्शन घेऊ नका." आबांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पाणी उडत नसतंय. पाणी जातंय. कुठं जातंय ते बघ." कूलिंगची सिस्टीम बंद असते, प्रेशरची कॅप असते, त्यातलं पाणी घागरीतल्या पाण्यासारखं उन्हानं आटत नाही. कमी झालं म्हणजे एकतर बाहेर गळतंय नाहीतर आत इंजिनात जळतंय. खाली फरशीवर थेंब नव्हता. मी पुढच्या शनिवारी गॅरेजला दाखवायचं ठरवलं, पण त्या शनिवारी ऑफिसला ऑडिट लागलं, राहिलं. तो मेसेज मात्र मी डिलीट केला नाही आणि आज प्रकरणात सगळ्यात वजनाचा कागद तोच आहे.

१७ तारखेला पुण्यात मावसबहिणीचा साखरपुडा होता. येताना दुपारी अडीचला खंडाळ्यावरून, आपलं साताऱ्याकडचं खंडाळा, घाट चढायला लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा लागतो, पण पुण्याहून येताना तेव्हा घाटच चढावा लागायचा, आणि उन्हाळ्यात दुपारी तिथं बॉनेट वर केलेल्या गाड्या रोज दिसायच्या. मी, आबा, आई, मावशी, मागं आहेराची पातेली आणि फळांच्या करंड्या. पुढं उसाचा ट्रक, मी दुसऱ्या गिअरला, एसी चालू.

आधी एसीची हवा गरम यायला लागली. मला वाटलं गॅस संपला. खरंतर इंजिन तापलं की कॉम्प्युटर आपोआप एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो, तीच पहिली खूण असते, हे मला नंतर कळलं. मग काटा वर गेला, लाल पट्टीला टेकला. आबा म्हणाले "बाजूला घे." पण तिथं बाजूच नव्हती, एकीकडं कडा एकीकडं कठडा, मागं कंटेनर हॉर्न देतोय. आणि मग जे झालं त्यानं मी फसले, काटा खाली यायला लागला. निम्म्यावर आला. मी म्हटलं आबा उतरतंय बघा. आबा ओरडले, बत्तीस वर्षांत मी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं, "उतरत न्हाई ते, पाणी संपलंय, बंद कर गाडी!" काट्याचा सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, आत पाणीच उरलं नाही तर तो नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि खोटं दाखवतो. वळणाच्या पुढं थोडी जागा दिसली तिथपर्यंत न्यायचं ठरवलं, अडीचशे-तीनशे मीटर असेल. तेवढ्यात ओढ गेली, खालून टक टक टक टक असा आवाज सुरू झाला, जळक्या रबराचा आणि गोडसर असा वास आला, आणि गाडी झटका देऊन जागेवर थांबली. मी बंद केली नाही, ती आपली आपण थांबली. तासाभरानं चावी फिरवली तर स्टार्टरचा फक्त एक 'टक', इंजिन जागचं हलेना. आबा तिथं दगडावर बसले आणि म्हणाले "बसलं इंजिन."

१०३३ ला फोन लावला, हायवेची हेल्पलाइन, पाऊण तासानं क्रेन आली आणि घाटातून बाहेर काढून आणेवाडी टोलपर्यंत सोडलं. तिथून साताऱ्याला फ्लॅटबेडवाल्यानं २,५०० घेतले. आईला आणि मावशीला एका ओळखीच्या गाडीत बसवून दिलं. मावशी जाताना म्हणाली गाडीला नजर लागली. नजर नव्हती लागली, गाडीला आधीपासून दुखणं होतं आणि ते माहीत असून आम्हाला विकलेलं, हे पुढं कळलं.

डीलरला त्याच संध्याकाळी फोन केला. जो मुलगा आधी दिवसातून दोनदा मेसेज करायचा त्यानं तिसऱ्या फोनला उचललं. पहिलं वाक्य, "मॅडम गाडी तुम्ही गरम केली." दुसरं, "वॉरंटीत ओव्हरहीटिंग बसत नाही." तिसरं, "डिलिव्हरी नोटवर तुम्ही जशी आहे तशी मान्य म्हणून सही केलीय." मी ७ तारखेचा मेसेज दाखवला तर म्हणाला त्यात गाडी चालवा असं कुठं लिहिलंय. मग मॅनेजर लाइनवर आले, ते म्हणाले गाडी पुण्याला आणा, टोइंग तुमचं, आमचा मेकॅनिक बघेल, आणि फार तर गुडविल म्हणून ८,००० देऊ. एवढ्या सगळ्यात आई कशी आहे, कुणाला लागलं का, एकानंही विचारलं नाही. हे मला पैशापेक्षा जास्त लागलं.

इन्शुरन्सवाल्यांना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं, हा अपघात नाही, मेकॅनिकल ब्रेकडाउन आहे, साध्या पॉलिसीत येत नाही. ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरनं न खोलता अंदाज दिला, पूर्ण इंजिन असेंब्ली बदला, १,६५,००० च्या वर जाईल, आणि नुसतं खोलून बघायचे ९,००० वेगळे.

मग आबा त्यांच्या जुन्या ओळखीनं एमआयडीसीतल्या काकांकडं घेऊन गेले. पत्र्याची शेड, दोन रॅम्प, भिंतीवर पाने आकारानं लावलेले, जमीन मात्र झाडून साफ. काकांनी आधी गाडीला हातच लावला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मी खोलतो, पण आधी डीलरला लेखी कळवा की अमुक दिवशी अमुक वाजता खोलणार आहे, तुमचा माणूस पाठवा. नाहीतर उद्या म्हणतील मिस्त्रीनंच मोडलं." हा सल्ला मला वकिलाच्याही आधी एका मेकॅनिकनं दिला. मी व्हॉट्सअॅप, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट तिन्हीनं कळवलं. सहा दिवस वाट बघितली. कुणी आलं नाही.

२५ एप्रिलला सकाळी खोललं, मी रजा टाकून समोर उभी होते आणि सुरुवातीपासून मोबाइलवर शूटिंग केलं. आधी ऑइल भरायचं झाकण काढलं, आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखं पांढरट पिवळं चिकट जमलेलं. काका म्हणाले ही पहिली साक्ष, ऑइलमध्ये पाणी. मग खालचा नट सोडला, तर आधी पेलाभर नुसतं पाणी आलं आणि मागून दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाचं ऑइल. मग रेडिएटर उतरवला आणि उलटा केला. त्यातून पिवळा चिखल पडला. काकांनी दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि बोटं आबांच्या नाकाजवळ नेली. आबा म्हणाले, "हळद."

खरंच हळद होती. रेडिएटरला बारीक गळती असली की त्यात हळद टाकायची जुनी युक्ती आहे, ती फुगून भोकात बसते आणि गळती थांबते. अडचणीच्या वेळी जीपवाले करतात, पुढच्या गावापर्यंत पोचायला. पण ती भोकात बसते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि पाणी फिरायचंच बंद होतं. सपाट रस्त्यावर, गावात, टेस्ट ड्राइव्हला काही कळत नाही, चार माणसं घालून घाट चढला की कळतं. माझी बोटं दोन दिवस पिवळी होती. घरात कुंकवाशेजारी असते ती हळद अशा कामाला वापरून कुणाला तरी गाडी विकली, हे बघून आबांचा चेहरा जो झाला तो मी विसरणार नाही.

पुढं अजून निघालं. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलेला, नुसतं रिकामं घर. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवर झाकणासारखा बसतो त्या भागाच्या, बोल्टांच्या डोक्यांवर पाना घसरल्याच्या ताज्या खुणा, कव्हरला काळं सिलिकॉन नवं लावलेलं, म्हणजे हे हेड अलीकडंच एकदा उतरवलं होतं. हेड काढून उलटं ठेवलं आणि काकांनी त्यावर स्टीलची सरळपट्टी आडवी धरली, मागून बॅटरी मारली, तर मध्यभागी पट्टीखालून उजेड दिसला. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातलं, ०.२० मिलिमीटर. ०.०५ च्या आत लागतं. डोळ्याला काही दिसत नाही पण तेवढ्या फटीतून गॅस्केट जळतं आणि पाणी सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये जातं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट जळून काळं झालेलं. तीन नंबरच्या भिंतीवर उभे ओरखडे, काकांनी मला सांगितलं नख फिरवून बघा, नख अडकलं. क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या खालच्या दांड्याची) बेअरिंग काढली तर वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं, पाणी मिसळलेल्या ऑइलनं बेअरिंग खाल्लेली. काकांचं म्हणणं, ही गाडी आधी एकदा जबरदस्त तापलेली आहे, तेव्हा कुणीतरी हेड उतरवून फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट, न करता नुसतं गॅस्केट बदलून बसवलं, गळती हळदीनं दाबली, वरून हिरवं कूलंट भरलं.

हे खरं निघालं. आरसीवरच्या जुन्या मालकांचा पत्ता होता, पुण्यातले एक रिटायर्ड गृहस्थ. मी घाबरत घाबरत गेले, ते बिचारे इतके सज्जन, त्यांनी फाइल काढून दिली. शेवटच्या सर्व्हिसचं बिल, त्यावर १,०८,६४० किमी. मला विकली तेव्हा मीटर ६१,४००. आणि ते म्हणाले, "अहो गाडी पाणी खात होती म्हणून तर काढली, त्यांना मी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दोन लाख पाच हजारच दिले." मला ३,४०,००० ला. त्यांनी हे लिहूनही दिलं. मी निघताना त्यांनी दोनदा माफी मागितली, ज्यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

आता इंजिनचं काय करायचं. दोन रस्ते होते. एक म्हणजे मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं जुनं हाफ इंजिन आणून टाकायचं, पंचेचाळीस हजारांत मिळत होतं, चार दिवसांत गाडी चालू. काका म्हणाले करून देतो, पण ते कुठल्या गाडीतनं निघालंय, किती चाललंय कुणाला माहीत, शिवाय इंजिन नंबर बदलणार म्हणजे आरटीओत जाऊन आरसीवर नवा नंबर चढवायला लागणार. "एकदा दुसऱ्याचं दुखणं विकत घेतलंय ताई, परत कशाला." दुसरा रस्ता आहे त्याच इंजिनचं फुल काम. आम्ही तेच केलं. चारी सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, नव्या बेअरिंग, हेडचं प्रेशर टेस्टिंग आणि फेसिंग, व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग चेन किट, ऑइल पंप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज पाइप, आणि रेडिएटर साफ करून नाही तर नवाच, कारण हळद पूर्ण निघत नाही म्हणाले. सगळं मिळून ८३,४००. त्यात मजुरी १८,०००, लेथचं काम ११,५००, रेडिएटर ५,२००, बाकी पार्ट. प्रत्येक पार्टचा बॉक्स आणि बिल माझ्या हातात दिलं आणि जुने सगळे पार्ट पोत्यात भरून, पोत्यावर गाडीचा नंबर लिहून दिले, केसला लागतील म्हणून. ते पोतं आमच्या जिन्याखाली आहे.

गॅरेजबद्दल कमी-जास्त सांगायचं तर वेळ. बारा दिवस म्हणाले आणि सव्वीस लागले. पिस्टनचा सेट आधी चुकीच्या साइजचा आला, मग लेथवाल्याच्या घरी लग्न निघालं, मधल्या काळात रोज फोन करायला लागला आणि फोन बऱ्याचदा उचलला गेला नाही. रोज एसटीनं कोरेगावला जाऊन येऊन ऑफिस करत होते, तेव्हा खूप चिडचिड झाली. मजुरीचं बिल पण आधी साध्या कागदावर दिलेलं, केससाठी पक्कं बिल पाहिजे म्हटल्यावर चार दिवसांनी मिळालं. ड्रायव्हर सीटच्या कडेला ऑइलचा डाग आहे तो अजून गेलेला नाही. पण काम म्हणाल तर एक नंबर. पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी काकांनी प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं, ऑइल वरपर्यंत चढू दिलं, मगच प्लग लावून चावी आबांच्या हातात दिली. अर्ध्या सेल्फला सुरू झाली. आबांनी परत बॉनेटवर तळवा ठेवला, या वेळी थंड होतं. पहिले हजार किलोमीटर साठ-सत्तरच्या वर जायचं नाही, गाडी लोड करायची नाही, पाचशेला ऑइल बदलायचं, हे सगळं त्यांनी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवून दिलं. आता ५,८०० किमी झालेत, कूलंटची रेघ केसभरही हललेली नाही, ऑइल खात नाही.

तक्रारीचं कसं केलं ते बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून थोडक्यात. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथं डॉकेट नंबर मिळतो आणि ते समोरच्या पार्टीला कळवतात, त्यानंतर डीलर ८,००० वरून १५,००० वर आला. मी नको म्हटलं. मग वकिलांची नोटीस, पंधरा दिवस, उत्तर तेच, गाडी तुम्ही गरम केली. मग जुलैमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणून पुण्याला नाही, साताऱ्यातच केली. आणि वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असली तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते, पण पुरावा दोन आठवड्यांत नाहीसा होतो, म्हणून मी घाई केली. सोबत व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, खोलतानाचा व्हिडिओ, काकांचा लेटरहेडवरचा रिपोर्ट, जुन्या मालकांचं बिल आणि लेखी म्हणणं. अजून एक गोष्ट वकिलांमुळं कळली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृत सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची फॉर्म २९सी वर आरटीओला माहिती द्यायची असते. आम्ही दोन्हीची कॉपी मागितली. अजून मिळालेली नाही. तुम्ही टोकन द्यायच्या आधीच मागा, ज्याच्याकडं असेल तो लगेच दाखवेल.

आणि गाडी बघायला जाणार असाल तर आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि गेल्यावर पहिला हात बॉनेटला लावा. थंड असेल तरच रेडिएटरची कॅप उघडून बोट आत घाला, ऑइलचं झाकण उलटं करून बघा, मग चालू करून वीस मिनिटं एसी लावून जागेवर ठेवा आणि फॅन लागतो का ऐका. टेस्ट ड्राइव्ह चढावर घ्या, पुण्यात कात्रजचा घाट आहेच जवळ. नंबरवरून ऑथोराइज्ड सर्व्हिसला जुने किलोमीटर विचारा, नाही सांगितले तर जुन्या मालकाला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. मी हे सगळं नंतर केलं, त्यातलं निम्मं आधी केलं असतं तरी ८३ हजार वाचले असते.

डीलरला ५ पैकी १, तो एक कागदपत्रांसाठी. इंजिन खराब निघालं म्हणून नाही, जुनी गाडी आहे, काही ना काही निघणारच हे मलाही कळतं. पण माहीत असताना लपवलं, मीटर मागं घेतलेल्या गाडीचा फायदा घेतला, पाणी कमी होतंय विचारल्यावर उन्हाळा आहे म्हणाले, आणि त्या गाडीत माझे आईवडील बसलेले होते.

गॅरेजला ५ पैकी साडेचार, अर्धा वेळेसाठी कापला. साताऱ्यातल्या किंवा कराड-कोरेगावकडच्या कुणाला पत्ता पाहिजे असेल तर मला विचारा, काकांना विचारून देईन. सोमवारी बंद असतं. आणि फोन दुपारी दोननंतर करा, सकाळी ते गाडीखाली असतात, उचलत नाहीत.